आंबट बंद केलं आणि काकांचे पाय जांभळे पडले: क जीवनसत्त्वाबद्दल बोलूया

निशिगंध

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे. गेले दोन महिने घरात जे चाललं होतं ते लिहायलाच हवं असं वाटलं.

माझे काका ७१ वर्षांचे. डोंबिवलीत एकटे राहतात. काकूला जाऊन अडीच वर्षं झाली. गुडघेदुखी जुनीच. कुणीतरी त्यांना सांगितलं, "वाताला आंबट वाईट." काका शिस्तीचे, त्यामुळे त्या दिवसापासून लिंबू, टोमॅटो, चिंच, ताक, संत्री, आवळा सगळं बंद. पेरूने खोकला होतो म्हणून तो आधीच बंद होता. डब्यातली भाजी तिखट लागते म्हणून ती तशीच परत जायची. उरलं काय? सकाळी चहा-खारी, दुपारी वरणभात-तूप, रात्री दूध-पोळी नाहीतर मुगाची खिचडी. आणि आम्ही सगळे कौतुक करत होतो, काकांचं खाणं किती साधं, किती पथ्याचं!

मग थकवा सुरू झाला. पाय इतके दुखायला लागले की जिना उतरताना ते बसून उतरायचे. वात वाढला, असं त्यांनी ठरवलं आणि पथ्य आणखी कडक केलं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, म्हणून दात साफ करून घेतले. पोटऱ्यांवर जांभळे डाग आले, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. रक्ताच्या तपासण्या झाल्या. प्लेटलेट ठीक, साखर ठीक. तीन ठिकाणी दाखवलं.

चौथ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर होती. तिने मोजे काढायला लावले आणि टॉर्च घेऊन नडग्यांवरची कातडी बघितली. प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल ठिपका होता, आणि केस स्प्रिंगसारखे वळलेले. खुर्ची ओढून ती काकांच्या समोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, काल सकाळपासून काय काय खाल्लंत ते सांगा." काकांनी सांगितलं. "आणि परवा?" तेच. "गेल्या महिन्यात एखादं फळ?" काका गप्प.

स्कर्व्ही. क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. शाळेच्या पुस्तकात जोड्या लावताना वाचलेला शब्द.

गोळ्या आणि फळं सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत थकवा कमी वाटायला लागला, आठवड्याभरात हिरड्या थांबल्या. मला आनंद झालाच, पण त्याहून जास्त अपराधी वाटलं. जाणकारांनी कृपया सांगा: शरीरातला साठा किती दिवसांत संपतो? कशात खरंच असतं हे जीवनसत्त्व? आणि शिजवल्यावर किती उरतं?

चाफेकळी

बापरे. वाचून आईला लगेच फोन केला. तीही एकटीच असते.

मेथीची_जुडी

निशिगंध, मी आहारतज्ज्ञ आहे. आधी एक सांगते, अपराधी वाटून घेऊ नका. हा आजार आता नाहीच अशी सगळ्यांची समजूत आहे, त्यामुळे तो समोर असूनही ओळखला जात नाही.

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. शेळी बनवते, कुत्रं बनवतं, गाय बनवते. माणूस, माकडं आणि गिनीपिग बनवू शकत नाहीत. त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक आपल्यात आहे, पण बिघडलेलं. त्यामुळे ते रोज बाहेरूनच यावं लागतं. पाण्यात विरघळणारं असल्याने जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, चरबीत साठून राहत नाही. चांगलं खाणाऱ्या माणसाच्या शरीरात साधारण दीड ग्रॅम साठा असतो. आवक जवळजवळ थांबली तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसू लागतात.

आणि ती लक्षणं हिरड्या, कातडी, सांधे इथेच का? तर या सगळ्या जागा कोलॅजन नावाच्या प्रथिनावर उभ्या असतात. त्याचे धागे एकमेकांत पक्के गुंफले जायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर नवा धागा कच्चा निघतो, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती फुटतात, जखम भरत नाही. जुन्या काळच्या खलाशांच्या तर वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्याच्या नोंदी आहेत. शरीर जुनं कोलॅजन मोडून नवं बनवत राहतं, आणि इथे नवं बनणंच थांबलेलं असतं. तुमच्या काकांचे पाय दुखत होते ते त्यामुळे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम, स्त्रीला ६५ आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ११५ लागतं. नुसती स्कर्व्ही टाळायला दहाएक मिलिग्रॅमही पुरतात. काकांच्या ताटात तेवढेही नव्हते.

तिरफळ

म्हणजे रोज आंबट खाल्लं की काम झालं ना? आमच्याकडे रोज सोलकढी असते, आमटीत चिंच-गूळ असतो.

मेथीची_जुडी

तिरफळ, नाही. इथेच बहुतेक जण फसतात. आंबटपणा वेगळा आणि क जीवनसत्त्व वेगळं. चिंचेचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा, दह्याचा लॅक्टिक आम्लाचा, कोकमाचा हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा. लिंबाचाही मुख्य आंबटपणा सायट्रिक आम्लाचाच आहे, क जीवनसत्त्व सोबतीला असतं. चिंचेत ते नगण्य.

उलट पेरू बघा. गोड, पण १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या वर! मध्यम पेरूचा पाव भाग खाल्ला की दिवसाची गरज भागली. संत्र्यात १०० ग्रॅमला पन्नासच्या आत-बाहेर, पपईतही जवळपास तेवढंच. सफरचंदात जेमतेम चार-पाच, आणि आजाऱ्याला बघायला जाताना आपण नेमकं तेच नेतो. आवळ्याचे आकडे कोष्टकागणिक बदलतात, २५० पासून ६०० पर्यंत, पण सगळ्यांत कमी आकडा धरला तरी तो पेरूच्या वरच. शेवग्याच्या पाल्यात शंभरच्या वर. ढोबळी मिरचीतही भरपूर. कच्च्या कोबीत ३५ च्या आसपास, टोमॅटोत २५.

अर्ध्या लिंबाच्या रसात मात्र सात-आठ मिलिग्रॅमच येतं. लिंबाचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे, ते नंतर लिहिते.

माजघर

हा धागा वाचून राहवलं नाही. मी वैद्य आहे, वीस वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. काकांना ज्यांनी "वाताला आंबट वाईट" सांगितलं, त्यांनी ते आयुर्वेदाच्या नावावर सांगितलं असेल तर ते चूक आहे. मधुर, अम्ल आणि लवण हे तिन्ही रस वाताचं शमन करणारे आहेत. अम्ल रस जपून खायचा तो पित्तात आणि रक्ताच्या विकारांत. आणि तिथेही चरकसंहितेत स्पष्ट अपवाद दिलाय, आंबट हे बहुधा पित्त वाढवणारं, डाळिंब आणि आवळा सोडून.

आमवातात दही बंद करायला मीही सांगतो, पण त्याला कारण असतं आणि मुदतही असते. पथ्य दिलं की ते कधी सोडायचं हेही सांगायला हवं. आमच्या क्षेत्रात हे राहून जातं, आणि म्हातारी माणसं एकदा ऐकलेलं पथ्य मरेपर्यंत पाळतात. एकाने सांगितलेलं दुसऱ्याच्या पथ्यावर चढत जातं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वयस्क रुग्णाला मी आता "काय काय सोडलंय?" हे आधी विचारतो. काय खाता ते नंतर.

निशिगंध

माजघर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवणार आहे. माझं नाही ऐकत, वैद्यांचं ऐकतील.

जुनी_बखर

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो. स्कर्व्ही म्हटलं की सगळे ब्रिटिश नौदलातला डॉक्टर जेम्स लिंड याच्यापाशी थांबतात. १७४७ साली 'सॅलिसबरी' जहाजावर त्याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी आठवड्याभरात उभी राहिली. पण ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. सगळं डोळ्यांसमोर असूनही ४८ वर्षं गेली.

आपल्या किनाऱ्याशी जोडलेली गोष्ट त्याच्याही आधीची. वास्को द गामा परत जाताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ५ ऑक्टोबर १४९८ ला निघाला. हे बेट आज गोव्यात मोडतं. येताना मोसमी वाऱ्यावर जो समुद्र त्याने साधारण तीन आठवड्यांत पार केला होता, त्याच समुद्राला परतीला, वारा पडलेला आणि उलटा असताना, जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, तीसएक माणसं वाटेत मेली. प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे सात-आठच उरले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली गेली. पुढे माणसं पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती कूतची गोष्ट. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, टायग्रिसच्या काठी कूत-अल-अमारा इथे ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री या पलटणी होत्या, ११७ मराठा होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं.

वेढ्यात भाजी संपली. गोऱ्या सैनिकांना पांढरा पाव आणि घोड्याचं मांस मिळायचं. हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणाने घोडा खायला बराच काळ नकार दिला, त्यांच्या वाट्याला पीठ, डाळ आणि तूप. मग एकाच वेढ्यात दोन वेगळे आजार पसरले. गोऱ्यांमध्ये बेरीबेरी, कारण पांढऱ्या पावात ब१ नाही. हिंदी शिपायांना पिठाने आणि डाळीने बेरीबेरीपासून वाचवलं, पण स्कर्व्हीने गाठलं, कारण ताजं असं काहीच नव्हतं. ताज्या मांसात थोडं का होईना क जीवनसत्त्व असतं. शेवटी शेवटी लोक नदीकाठचं गवत आणि रानपाला खुडून उकडून खात होते.

निशिगंध, तुमच्या काकांचं ताट वाचल्यावर मला तेच आठवलं. पीठ, डाळ, तूप.

चाफेकळी

अंगावर काटा आला. आमच्या पणजोबांचे भाऊ "बसऱ्याला" (इराकमधल्या बसराला) गेले ते आलेच नाहीत, एवढंच घरात माहीत आहे.

मेथीची_जुडी

जुनी_बखर, फार चांगलं लिहिलंत. याला जोडून एक. त्या युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया गिनीपिगवर याच प्रश्नाचा अभ्यास करत होत्या. ताजी फळं नसताना सैनिकांना काय द्यायचं? उत्तर आपल्या स्वयंपाकघरातलंच निघालं: मोड आलेली कडधान्यं. कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. भिजवून मोड आले की कोंबाबरोबर ते नव्याने तयार होतं. दाणा पोत्यात वर्षभर टिकतो आणि पाणी मिळालं की दोन दिवसांत ताजी भाजी होतो. कूतमध्ये डाळ होती. डाळीला मोड येत नाहीत, ती भरडलेली. अख्खं कडधान्य असतं तर...

काकांची मुगाची खिचडीही सोललेल्या डाळीचीच असणार.

निशिगंध

हो. पिवळ्या डाळीची.

तिरफळ

पण मटकीची उसळ आपण शिजवतो ना? मग काय उरणार?

मेथीची_जुडी

काही जातं, काही उरतं. या जीवनसत्त्वाचे शत्रू तीन: उष्णता, हवा आणि टाकून दिलेलं पाणी. भाजी आधी धुवा, मग चिरा. आदल्या रात्री चिरून ठेवू नका. उकडून पाणी ओतून देऊ नका. झाकण ठेवून थोडक्या पाण्यात, थोडा वेळ. मोड आलेले मूग वाफवून कोशिंबिरीत घातले तर उसळीपेक्षा जास्त पदरात पडतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

आणि एक, तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी ठेवू नका. तांब्याच्या सान्निध्यात क जीवनसत्त्व फार भराभर नष्ट होतं, शिवाय आंबटाने तांबं पाण्यात उतरतं ते वेगळंच. हल्ली तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी घेऊन चालायला जाणारे दिसतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मोरावळा, च्यवनप्राश हे तासन् तास शिजवलेले असतात. ते खायला माझी ना नाही, पण ताज्या आवळ्याची जागा ते घेत नाहीत. कार्तिकात आवळे आले की कच्चे किसून मिठाबरोबर खा.

बोंडू_वेंगुर्ला

आमच्याकडच्या बोंडूबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. काजूच्या बोंडात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. आणि कोकणात आम्ही काय करतो? बी पिळून काढतो आणि बोंडू झाडाखाली कुजायला टाकतो. एप्रिल-मेमध्ये बागेत चालताना पायाखाली नुसता चिखल असतो बोंडूंचा. गोव्यात निदान त्याची उर्राक आणि फेणी होते. आमच्या बाजूला बागायतदाराला बीचा भाव कळतो, फळाचा नाही.

अडचण खरी आहे. तोडल्यावर बोंडू दिवसभरही टिकत नाही, आणि घशाला खाजतो, तुरट लागतो. माझी आजी चकत्या करून मिठाच्या पाण्यात ठेवायची, तासाभराने पाणी फेकून चकत्या तिखट लावून द्यायची. आम्ही भावंडं सुट्टीत तेवढ्यावर दुपारी काढायचो. आता माझी पोरं मुंबईहून येतात तेव्हा त्यांना बाटलीतला संत्र्याच्या चवीचा रस हवा असतो. यंदा मात्र आजीसारख्या चकत्या करणार आहे.

ओवी_मांडते

मेथीची_जुडी, लिंबाचं कारण नंतर लिहिते म्हणाला होतात, त्याची वाट बघतेय. 🙂

मेथीची_जुडी

हो, ओवी. कारण लोह.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. आपल्या शाकाहारी जेवणात लोह असतं, बाजरीत, पालेभाज्यांत, अळिवात, पण ते ज्या रूपात असतं ते आतड्याला सहज घेता येत नाही. क जीवनसत्त्व त्याच जेवणात, त्याच घासाला असेल तर ते लोहाचं रूप पालटतं आणि शोषण वाढवतं. दोन तासांनी संत्रं खाऊन तो उपयोग होत नाही. म्हणून पोह्यांवर पिळायची लिंबाची फोड, पानात डावीकडे मिठाशेजारी वाढलेलं लिंबू, भाकरीबरोबर चिरलेला कच्चा कांदा-टोमॅटो हे सगळं फार मोलाचं आहे.

आणि पोहे झाल्या झाल्या चहा घेतला की त्यातली टॅनिन्स नेमकं उलटं करतात. लोह अडकवून ठेवतात. चहा तासभर तरी पुढे ढकला.

ओवी_मांडते

हे मला बाळंतपणात कुणी सांगितलं असतं तर! लोहाची गोळी मी सकाळच्या चहाबरोबर घ्यायचे. हिमोग्लोबिन ९ वरून हलेचना. शेवटी शेजारच्या आजींनी सांगितलं, गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. त्यांना कारण माहीत नव्हतं, पण सल्ला अचूक होता.

सह्याद्रीवारा

करोनात आमच्या घरात सगळे रोज हजार मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी घ्यायचे. ती सवय अजून चालू आहे. सर्दी होत नाही म्हणतात. खरंच का?

मेथीची_जुडी

सर्दी "होऊ नये" यासाठी उपयोग नाही, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलंय. रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांत सर्दीचा काळ साधारण ८ टक्के, मुलांत १४ टक्के कमी झाला. म्हणजे सात दिवसांची सर्दी अर्धा दिवस आधी संपेल. सर्दी झाल्यावर गोळी सुरू करून ठोस फायदा दिसलेला नाही. अपवाद मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांचा, त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं.

एकदम हजार मिलिग्रॅम घेतलं तर निम्म्याहून कमी शोषलं जातं. आणि ते निरुपद्रवीही नाही. जास्तीच्या क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांना मूतखडा होण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास आढळलं. घरात कुणाला खडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात, हे मधुमेहींनी लक्षात ठेवा. थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टर, मगच गोळी.

सह्याद्रीवारा

बाबांना २०२२ मध्ये खडा झाला होता. गोळी आजच बंद, आणि सोमवारी डॉक्टरांना विचारतो. धन्यवाद.

पिंपळपान

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहिते. माझा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न आहे. तो पांढरं आणि कोरडंच खातो: भात, बिस्किटं, दूध, एका विशिष्ट दुकानाचा पाव. गेल्या वर्षी तो लंगडायला लागला. मग चालायचाच थांबला. उचललं की किंचाळायचा. हाडांचे फोटो काढले, आणखी काय काय तपासलं, त्या आठवड्यांबद्दल लिहवत नाही. त्यालाही हेच निघालं. दूध भरपूर पितो म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण तापवलेल्या दुधात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच.

आता डॉक्टरांनी ठरवून दिलेले थेंब दुधातून देतो. चवीत फरक कळू नये म्हणून आधी एक थेंब, चार दिवसांनी दुसरा, असं करत दीड महिना लागला. तो पुन्हा चालतो. अशा मुलांच्या आयांना एवढंच सांगायचंय: मूल पाय टेकत नसेल तर त्याच्या खाण्याची यादी कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. विचारण्याची वाट बघू नका.

माजघर

पिंपळपान, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. बाळाला आशीर्वाद.

निशिगंध

सगळ्यांचे प्रतिसाद काल काकांना वाचून दाखवले. कूतचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. माजघर, तुमचा प्रतिसाद ऐकून म्हणाले, "मग मला तीन वर्षं उगाच आवळा सोडायला लावला?" आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

नवीन व्यवस्था अशी. डबेवाल्या काकूंना सांगून कमी तिखटाची भाजी सुरू केली. मोडाचे मूग मी रविवारी करून देते, डब्यात भरून फ्रिजमध्ये. खालच्या भाजीवाल्याला सांगून ठेवलंय, तो एक दिवसाआड एक पेरू वर पाठवतो. खोकल्याची भीती होती म्हणून पहिल्या दिवशी काकांनी पेरूची एकच फोड खाल्ली आणि रात्री झोपताना मला फोन केला, "अजून खोकलो नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन.

आज फोन आला नाही म्हणून मीच केला. म्हणाले, पेरू संपला, आणि तिखट-मीठ लावून खाल्ला तर चालतो का ते त्या तुझ्या मेथीच्या जुडीला विचार.

मेथीची_जुडी

चालतो! मीठ बेताने घ्या म्हणावं. रक्तदाबाची गोळी चालू आहे का त्यांना?

निशिगंध

आहे. सांगते, नुसतं तिखट लावा म्हणून.